तळेगावची काच

वाळूतील क्वार्ट्झ स्फटिकी असते. तिचे अणू ठरावीक क्रमाने, पुन्हा पुन्हा त्याच मांडणीत बसलेले असतात. तीच वाळू सोडा व चुना घालून वितळवली आणि रस वेगाने निववला, तर अणूंना रांगेत बसायला अवधी मिळत नाही. अव्यवस्था तशीच गोठते, आणि काच हा अस्फटिकी घनपदार्थ तयार होतो.

स्फटिकी पदार्थ ठरावीक तापमानाला एकदम वितळतो. काच मात्र हळूहळू मऊ होते, आणि फुंकनळीचा सारा धंदा या एका गुणावर उभा आहे. मधाइतका दाट रस नळीच्या टोकावर घेऊन कारागीर तो फुंकतो, फिरवतो, आकार देतो. रस अर्धवट निवलेल्या स्थितीत फार वेळ राहिला तर त्यात स्फटिक धरतात व काच धुरकट होते. म्हणून भट्टी सांभाळणे हे खरे कसब.

महाराष्ट्रात हे कसब स्वदेशी चळवळीने रुजवले. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा जमवून पैसाफंड उभारला. त्यातून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे देशी तरुणांना काचकाम शिकवले, हे त्या कारखान्याचे सर्वांत मोठे काम. पुढे 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला.