आरोग्य कराच्या रकान्यात डास कुठे?

ग्रामपंचायतीच्या कपाटात ‘नमुना ८’ नावाची नोंदवही असते. कर आकारणीची ही वही राज्यभर एकाच साच्याची आहे, त्यामुळे पालघर तालुक्यातल्या, बोईसरजवळच्या सरावलीत ती जशी तशीच गडचिरोलीतल्या एखाद्या गावातही. घर क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, बांधकामाचे वर्णन, क्षेत्रफळ, आणि मग पैशांचे रकाने: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. नमुना ९ मध्ये याचीच मागणी चढते आणि नमुना १० ही नागरिकाच्या हाती पडणारी पावती. पावती पाहणाऱ्याला सहज वाटते की आरोग्याचे पैसे आपण भरले, म्हणजे धूरफवारणीचेही भरले.

कायद्याचा मजकूर वाचला की हा समज टिकत नाही. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. २०१२ पासून तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या १२४ व्या कलमात पंचायतीला कोणते कर बसवता येतात याची यादी आहे. तीत सर्वसाधारण आरोग्य रक्षण उपकर आहे, आणि तो कशासाठी तेही लिहिलेले आहे: सार्वजनिक शौचालये बांधणे व राखणे, केरकचरा उचलणे व त्याची विल्हेवाट लावणे. डासाचा उल्लेख नाही. पावतीवर ‘आरोग्य’ एवढाच शब्द उरतो आणि त्यामागचा ‘शौचालय व केरकचरा’ हा तपशील दिसेनासा होतो. ज्या डासामुळे आज बोईसर पट्ट्यातल्या माणसाला डेंग्यू होतो, तो केरकचऱ्याच्या ढिगात जन्मत नाही. तो स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात जन्मतो. कराचा पाया एकीकडे आणि रोगाचे मूळ दुसरीकडे, ही फारकत आजची नाही. तिचा माग कागदांवरून सव्वाशे-दीडशे वर्षे मागे काढता येतो.

एकोणिसाव्या शतकात आजचा पालघर तालुका ठाणे जिल्ह्यात माहीम या नावाने नोंदलेला होता. गावाच्या सोयींसाठी पैसा उभा राहायचा तो घरावर नव्हे, शेतसाऱ्यावर. १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्याने साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा उपकर बसवला. त्याचा एक तृतीयांश शाळांकडे आणि दोन तृतीयांश रस्ते वगैरे कामांकडे जाई. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली, १८८९ मध्ये गावांच्या स्वच्छतेसाठी वेगळा कायदा झाला. त्या काळच्या आरोग्य अहवालांत मृत्यूच्या कारणांत वर्षानुवर्षे ‘ताप’ सर्वांत वर दिसतो. तापाचे कारण म्हणजे दूषित हवा, घाण आणि दलदल, असा समज होता, आणि पैसा त्या समजामागे गेला. त्यात कोणाचा हलगर्जीपणा होता असे मी म्हणणार नाही, कारण त्या काळी हाताशी असलेले ज्ञान तेवढेच होते.

ते ज्ञान २० ऑगस्ट १८९७ रोजी बदलले. त्या दिवशी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी दिसला. त्याच वर्षी, काही महिने आधी, प्लेगच्या धास्तीने साथरोग कायदा झाला होता. तो अवघा काही कलमांचा. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो त्यातला झडती आणि सक्तीचा भाग. पण दुसऱ्या कलमात पैशाबद्दलही एक वाक्य आहे: उपाययोजनेचा खर्च, नुकसानभरपाई धरून, कसा आणि कोणी सोसायचा हे सरकार ठरवील. खर्चाचा प्रश्न कायद्याने ओळखला, उत्तर मात्र सरकारवर सोडले. मुंबईत प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहर सुधारणा विश्वस्त मंडळ आले आणि दाट वस्ती फोडून रस्ते काढू लागले. मोहीम अजूनही घाणीविरुद्धच होती.

डास आणि मालमत्ता यांची पहिली खरी गाठ मुंबईच्या फोर्ट भागात पडली. तिथल्या हिवतापाची कारणे शोधण्याचे काम डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे होते आणि त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग पसरवणारा डास त्यांनी ओळखला: अॅनोफिलीस स्टीफेन्साय. तो वाढत होता घरांच्या आवारातल्या विहिरींत, टाक्यांत, हौदांत. फोर्टमधल्या कित्येक विहिरी चांगल्या घरांच्या, चांगल्या बांधणीच्या, श्रद्धेने राखलेल्या होत्या. घाण म्हणावी असे तिथे काही नव्हते, आणि डास त्या निर्मळ पाण्यातच वाढत होता.

मुंबईची करपद्धती त्या वेळी चांगली रुळलेली होती. १८८८ च्या महापालिका कायद्याप्रमाणे इमारतीला वर्षभरात जे भाडे येऊ शकेल ते धरायचे, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे आणि उरेल त्या करयोग्य मूल्यावर सर्वसाधारण कर, पाणी कर, हलालखोर कर बसवायचे. मैला वाहून नेणाऱ्यांच्या कामाला त्यांच्याच जातिवाचक नावाचा कर होता. डासासाठी मात्र कर निघाला नाही, त्याच्यासाठी नोटीस निघाली. याच कायद्याच्या ३८१ व्या कलमाखाली पाणी साचवणाऱ्या, डासांची पैदास होऊ देणाऱ्या मालकाला ते बंद करायला सांगता येते, आणि मुंबईचे कीटकनाशक खाते आजही या कलमाच्या नोटिसा काढते. म्हणजे घाणीचा खर्च सगळ्यांनी मिळून कराने सोसायचा आणि डासाचा खर्च ज्याचे पाणी त्याने. माझ्या मते मुंबई इलाख्यातल्या डासनियंत्रणाच्या अर्थकारणातले सर्वांत मोठे वळण हे आहे.

डास रोखण्यासाठी विहिरी बुजवण्याला मोठा विरोध झाला. पारशांसाठी आणि हिंदूंसाठी त्या पूजेच्या जागा होत्या. महापालिकेचे सचिव रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींभोवतीच्या श्रद्धांवर १९१८ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले. महापालिकेच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाने ते लिहावे, हेच सांगून जाते की विहिरी वाचवण्याच्या अर्ज-विनंत्यांमागे नुसता हट्ट नाही, हे तिथे कोणाला तरी कळत होते. क्रॉस मैदानाच्या कडेची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही जागेवर आहे. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी केली, म्हणजे पहिल्या मोहिमेने काम संपले नव्हते.

खेड्यापर्यंत हे वळण आलेच नाही. तिथे डासाविरुद्धचा पैसा वरून आला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो निर्मूलन कार्यक्रम झाला. डीडीटी फवारणारी टोळी गावात यायची, सामान बाहेर काढायला लावायची, भिंतींवर फवारा मारायची आणि फवारल्याची तारीख दारालगतच्या भिंतीवर लिहून जायची. ही भिंतही एक दप्तरच होती. फरक इतकाच की दर दिवाळीच्या रंगात ते पुसले जायचे. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण १ लाखाच्या आसपास आले आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. १९७९ नंतर खर्च केंद्र आणि राज्य यांनी निम्मा निम्मा उचलावा असे ठरले. या वाटणीत ग्रामपंचायतीचे नाव नव्हते. गावाने घरपट्टी भरावी, गावात फवारा यावा, पण या दोहोंचा एकमेकांशी संबंध नसावा, ही रीत इथे पक्की झाली.

सरावलीत या रीतीचा जाच अधिक, कारण गाव बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. खोल्यांच्या चाळी, त्यांत परप्रांतांतून आलेले कामगार, पाणी ठरावीक वेळी येणार म्हणून दारात निळे पिंप. त्या पिंपाचे झाकण उघडले की पाण्यात लहानशा वळवळत्या अळ्या दिसतात, भांडे आपटले की खाली जातात आणि थोड्या वेळाने श्वासासाठी पुन्हा वर येतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उन्हाळी हवेत साधारण आठवड्याभराचा, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून घासायचे, तो ‘कोरडा दिवस’. आरोग्यसेवक टेमिफॉस या अळीनाशकाचे थेंब टाकतात, डबक्यांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडतात. नमुना ८ मध्ये अशा खोलीपुढे मालक एक आणि भोगवटादार दुसरा असतो. कर मालकाच्या नावाने निघतो, पिंप भोगवटादाराचे, डास चावतो शेजाऱ्याला. घरपट्टी ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनंतर भांडवली मूल्यावर आकारली जाते. पण मूल्य मोजायचे ते जमिनीचे आणि बांधकामाचे, त्यात पाणी कसे साठवले जाते याचा कुठेच हिशेब नाही. कारखान्यांसाठी कायद्यात १२५ वे कलम आहे: पंचायतीला कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेता येते. कारखान्यांमुळे वस्ती वाढली, वस्तीमुळे साठवणीचे पाणी वाढले, तेव्हा त्या ठोक रकमेवर डासाचाही हक्क आहे असे मला ठामपणे वाटते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९१५ मध्येच डासनियंत्रणासाठी स्वतंत्र जिल्हे बनवण्याचा कायदा केला. हे जिल्हे मालमत्तेवर आकार बसवून चालतात, आणि १९९६ च्या जनमतानंतर नव्या आकारासाठी मालमत्ताधारकांची मतपत्रिका घ्यावी लागते. तिथे भरणाऱ्याला ठाऊक असते की हे पैसे डासाचे. इतकी थेट जोड आपल्याकडे नाही आणि जशीच्या तशी आणावी असेही नाही: मत मालकाला आणि डंख भाडेकरूला, हा दोष त्या पद्धतीतही आहे. ग्रामसभेत मात्र चाळीतला नोंदणीकृत मतदार मालकाच्या शेजारी बसू शकतो.

तिथेच पुढचा कागद तयार होतो. ५७ व्या कलमाप्रमाणे घरपट्टी ग्रामनिधीत जमा होते, आणि ४५ व्या कलमाखालच्या ग्रामसूचीत साथ रोखण्याचे उपाय हे पंचायतीचे काम म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे आरोग्य उपकर केरकचऱ्याशी बांधलेला असला तरी सर्वसाधारण घरपट्टी तशी बांधलेली नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपये ठेवले, पण ते वरून येणारे आणि मुदतीचे. गावाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात ‘डासनियंत्रण’ अशी वेगळी ओळ घालायची, तिच्यापुढे घरपट्टीतली ठरावीक रक्कम लिहायची आणि वर्षअखेरीस किती पिंपे तपासली, किती विहिरींत गप्पी सोडले, हे ग्रामसभेत वाचून दाखवायचे, यासाठी नवा कायदा लागत नाही. एक ठराव लागतो, आणि तो करण्याचा अधिकार पंचायतीकडे आजच आहे.