फोटो निघाला, व्यायाम राहिला

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली आणि दगड-मातीच्या जाड भिंती, माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. वाचलेल्यांत डोक्याला, मणक्याला मार लागलेलेही होते. दरवर्षी आपण गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतो. हातपाय गेलेल्यांचं पुढं काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

तेव्हा समज एकच होती: मेंदूला मार लागला की गेलेलं परत येत नाही. ही काही फक्त गावाकडची समजूत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनचे नोबेलविजेते काहाल यांनीच मांडलं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूतले मार्ग ठरलेले असतात.

पण किल्लारीच्या दोनच वर्षं आधी, १९९१ मध्ये, लंडनमध्ये वेगळं दिसलं. लकव्यातून सावरलेल्या सहा रुग्णांना शोले, फ्रॅकोविआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटं हलवायला लावली आणि त्याच वेळी पेट स्कॅननं मेंदूतला रक्तप्रवाह पाहिला. चांगल्या हाताची बोटं हलवताना मुख्यतः विरुद्ध बाजूचा मेंदू काम करत होता. सावरलेल्या हाताच्या वेळी मात्र दोन्ही बाजू कामाला लागल्या होत्या. म्हणजे मेंदू कामाची नवी वाटणी करतो!

१९९६ मध्ये अमेरिकेत नुडो यांनी माकडांवर प्रयोग केला. इजेनंतर हाताचा सराव करून घेतला, तर मेंदूतली हाताची जागा टिकली. सराव नसेल, तर तीही आक्रसत गेली. मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं मर्यादा आहेत. पण लकव्याच्या कितीतरी रुग्णांना सरावानं फरक पडतो.

आज नांदेड-लातुरात एमआरआय निघतो. त्यासाठी लोक उसनवारी करतात, सोनं गहाण ठेवतात. पण तो फोटो इजा कुठं झाली एवढंच सांगतो. हात हलवायचं काम पुढं महिनोन् महिने रोज करावं लागतं. घरी आणलं की आपण म्हणतो, "आता आराम करू द्या," आणि माणूस बाजेला खिळतो.

म्हणून मागणी साधी आहे: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रोज बसणारा फिजिओथेरपिस्ट हवा. तुमच्या तालुक्यात आहे का? तालुक्याचं नाव घालून कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि जिल्हा परिषदेत, आमदारांकडं घेऊन जाऊ.