हॉटेलात मनाई, घरात मुभा: धूम्रपानबंदीचा कायदा न्याय्य आहे का?

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात कुणी घराच्या दोन-चार खोल्या पर्यटकांना देतं, कुणी खळ्यात मांडव घालून मच्छी-थाळी लावतं. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि त्यानंतर हा धंदा वाढत गेला. आपल्यापैकीही काही कुटुंबांची रोजी यावरच चालते. त्यामुळे एक प्रश्न नेहमी निघतो. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याने सिगारेट पेटवली तर त्याला अडवायचं का? आणि जागा आपली, धंदा आपला, तर सरकारने मध्ये का पडावं? कायदा काय आहे, तो कसा आला आणि कुठे कमी पडतो, ते एकदा नीट समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांविषयीचा केंद्राचा कायदा 2003 चा. बोलीभाषेत त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्याच्या कलम 4 नुसार सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई आहे. तपशीलवार नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झाले. सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जिथे जाता येतं अशी जागा, मग ती खाजगी मालकीची का असेना. हॉटेल, खाणावळ, दवाखाना, शाळा, कार्यालय, सिनेमागृह, मॉल, कामाची ठिकाणं आणि प्रवासी वाहनं, सगळी त्यात येतात. किल्ल्यावर नेणारी होडीही प्रवासी वाहनच.

मोकळ्या जागा यातून वगळल्या आहेत. पण लोकांची ये-जा असलेली रेल्वे स्थानकं आणि बस थांबे ‘मोकळी जागा’ धरली जात नाहीत. म्हणजे कुडाळ किंवा कणकवली स्टेशनच्या उघड्या फलाटावरही विडी ओढता येत नाही. मोडणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड होतो.

बंदी आली कुठून?

या बंदीची सुरुवात एका मुंबईकराच्या याचिकेतून झाली. मुंबईचे माजी महापौर आणि काँग्रेसचे नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं आणि प्रवासी वाहनं अशा ठिकाणी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. त्याआधी 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही असाच निकाल दिला होता. शेजारच्या गोव्याने तर 1997 मध्येच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता.

न्यायालयाचा युक्तिवाद साधा होता. घटनेच्या कलम 21 ने प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे. जो स्वतः सिगारेट ओढत नाही, त्याला दुसऱ्याचा धूर गिळायला लावणं म्हणजे त्या हक्कावर घाला. धूम्रपान हा गुन्हा आहे असं न्यायालय म्हणालं नाही. दुसऱ्याच्या छातीत धूर भरायचा हक्क कुणाला नाही, एवढंच ते म्हणालं. 2008 चे नियम आले तेव्हा हॉटेल आणि तंबाखू उद्योगाने त्यांना आव्हान दिलं, पण सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही.

धूर ओढणारा एक, दंड मालकाला?

धंदेवाल्यांची मोठी तक्रार हीच असते. नियमांनुसार मालकाने किंवा व्यवस्थापकाने ‘येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ असा फलक दाराशी आणि आत लावायचा. फलक निदान 60 बाय 30 सेंटिमीटरचा हवा. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहायचं. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. तक्रार येऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितक्या जणांनी नियम मोडला तितक्यांचा दंड त्याच्यावर बसतो.

यात एक बारकावा आहे. गिऱ्हाईकाने लपून सिगारेट ओढली म्हणून मालक गुन्हेगार ठरत नाही. सांगूनही त्याने डोळेझाक केली, तर ठरतो. आणि हॉटेल ही फक्त मालकाची जागा नाही. तिथे भांडी घासणारी बाई, वाढणारा पोरगा, स्वयंपाकी असे सगळे दहा-दहा तास उभे असतात. पर्यटक एक रात्र राहून जातो, धूर मात्र त्यांच्या वाट्याला रोज येतो. नोकरी सोडा नाहीतर धूर सोसा, असं त्यांना सांगणं कुठला न्याय? 29 मार्च 2004 रोजी आयर्लंडने देशभर कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांवर बंदी आणली, तीही कामगारांचं आरोग्य हेच कारण पुढे करून.

30 खोल्यांची सवलत

अन्याय शोधायचा असेल तर तो इथे सापडतो. 30 किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल आणि 30 किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट यांना, शिवाय विमानतळांना, धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. त्यासाठी चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा लागते. तिथे जेवण वगैरे दुसरी कुठली सेवा देता येत नाही.

चार खोल्यांचा न्याहारी-निवास चालवणाऱ्याला ही मुभाच नाही. साहजिकच तो म्हणतो, मोठ्याला वेगळा नियम आणि मला वेगळा का? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर लहानालाही सवलत देण्यात नाही, मोठ्याची सवलत काढण्यात आहे. मोठ्या हॉटेलातल्या सफाई कामगाराची फुफ्फुसं काही वेगळी नसतात. 2020 च्या अखेरीस केंद्राने दुरुस्तीचा जो मसुदा मांडला, त्यातही हॉटेल-रेस्टॉरंटची ही सवलत रद्द करण्याची सूचना होती.

दंडाचंही तसंच. 200 रुपये रापणीवर ओढायला जाणाऱ्या मजुराला जड जातात. पर्यटकाला सुरमईच्या थाळीला याहून जास्त पडतात. एकाच रकमेचा दंड सगळ्यांना सारखा लागत नाही.

हुक्का पार्लरचं उदाहरण

मुंबई महापालिकेने परवान्याच्या अटी घालून धूम्रपान कक्षातही हुक्का बंद केला होता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याने दिलेली मुभा महापालिका अशी काढून घेऊ शकत नाही. पुढे 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत कमला मिलची आग लागली आणि 14 जणांचे जीव गेले. त्यानंतर 2018 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यातच दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली. आता त्यासाठी 1 ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 1 लाख रुपये दंड आहे. बंदी घालायची तर ती विधिमंडळात, उघड चर्चा करून घालावी. एखाद्या अधिकाऱ्याच्या परिपत्रकाने नाही. न्याय्य असण्याचा हाही एक भाग आहे.

घर, चाळ आणि सोसायटी

खाजगी घराच्या उंबऱ्याशी कायदा थांबतो. स्वतःच्या घरात कुणी विडी ओढली तर कोटपा काही करू शकत नाही. पण धूर जिन्यातून, खिडकीतून शेजाऱ्याकडे जातो, तेव्हा काय?

सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये सदस्याने इतरांना त्रास होईल असं वागू नये, अशी अट असते. जिना, लिफ्ट, गच्ची इथे धूम्रपान नको, असा ठराव सर्वसाधारण सभेत घेता येतो. घर भाड्याने देताना करारात तशी अट घालता येते. शेजाऱ्यांना उपद्रव हे भाडेकरूला काढण्याचं एक कारण म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्येही आहे, मात्र तो उपद्रव कोर्टात सिद्ध करावा लागतो. सिंगापूरमध्ये सरकारी इमारतींच्या सामाईक व्हरांड्यात आणि जिन्यात 2013 पासून बंदी आहे. आपले बरेच भाऊबंद नोकरीला असतात त्या अमिरातीत 12 वर्षांखालचं मूल गाडीत असताना सिगारेट ओढणं कायद्याने गुन्हा आहे, गाडी स्वतःची असली तरी.

आता आकडे पाहा. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या 38.7 टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. रेस्टॉरंटमध्ये हेच प्रमाण 7.4 टक्के होतं. म्हणजे ज्या जागेवर कायदा चालतो तिथे धूर कमी, आणि जिथे चालत नाही तिथे बायका-मुलं तो सर्वांत जास्त गिळतात. मात्र घराघरात पोलीस पाठवणं हा त्यावर उपाय होऊ शकत नाही. तिथे घरातल्यांनीच बोलायला हवं.

मशीद, जमातखाना, दावत

मशीद, मदरसा, जमातखाना इथे लोकांची ये-जा असते, म्हणून बंदी तिथेही लागू धरावी. तंबाखू हराम की मकरूह यावर उलेमांची मतं वेगळी आहेत. पण दुसऱ्याला इजा न पोहोचवणं आणि शेजाऱ्याचा हक्क सांभाळणं, यावर मतभेद नाहीत. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये असं हदीसमध्ये आहे, कारण त्या वासाचा इतरांना त्रास होतो. मग विडीच्या धुराचं काय, हे सांगायला वेगळ्या फतव्याची गरज नसावी. निकाह-वलीम्याच्या मांडवात पाहुण्यांपुढे सिगारेटचं पाकीट ठेवायची पद्धत असेल, तर यजमानाने ती बंद करावी.

थोडक्यात, धंदेवाल्यांसाठी आणि कुटुंबांसाठी

- न्याहारी-निवासाची जेवणाची जागा आणि पाहुण्यांची बसायची ओसरी सार्वजनिक जागा समजूनच चाला. फलक लावा, ॲशट्रे काढून टाका.
- बुकिंग घेतानाच फोनवर नियम सांगा. पाहुणा आल्यावर वाद होत नाही.
- खिडकी उघडी ठेवली किंवा पंखा लावला म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही.
- 18 वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत विकणं गुन्हा आहे. मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याने 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.
- ई-सिगारेटची विक्री 2019 पासून देशभर बंद आहे. गोव्यातून येणाऱ्या पाहुण्यांनाही हाच कायदा लागू.
- सोडायची इच्छा असेल तर राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन: 1800-11-2356.