वजन जास्त असेल तर रोड बाइकसाठी व्हीलसेट कसा निवडायचा?

माझं वजन १०२ किलो. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून २०० किलोमीटरची ब्रेव्हे करत होतो. वेळेची मर्यादा साडेतेरा तास. पाचगणीला पोचलो तेव्हा हातात दीड तास जास्तीचा होता. परत उतरताना पसरणी घाटात मागून 'टण्ण' असा आवाज आला आणि दोन मिनिटांत मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. डाव्या बाजूचा एक स्पोक तुटला होता. ब्रेक सैल सोडून कसाबसा वाईपर्यंत आलो. तिथल्या दुकानात नेहमीच्या सायकलच्या तारा होत्या, पण माझ्या चाकाला लागणारा चपटा स्पोक कुठून असणार? सायकल टेम्पोत टाकून घरी आलो.

त्या व्हीलसेटचं नाव देत नाही, कारण चूक अर्धी माझीही होती. जाहिरातीत '११० किलोपर्यंत' असं लिहिलेलं वाचून मी तो घेतला होता. माझं वजन १०२, म्हणजे बसतंय की! घरी आल्यावर पीडीएफ उघडून बारीक अक्षरं वाचली. ते ११० किलो सायकल आणि सामान धरून होते. माझी सायकल ९ किलो, पाण्याच्या बाटल्या, बॅग, पंप वगैरे ४ किलो. एकूण ११५.

म्हणून ऑनलाइन खरेदी करताना पहिलं काम हे करा : वजनमर्यादा कोणाची आहे ते शोधा. माविक कंपनी १२० किलोचा आकडा देते तो सायकलसकट. कॅम्पान्योलोच्या माहितीपत्रकात आकडा स्वाराचा असतो : १०९ किलोपेक्षा जास्त वजन असेल तर चाक वापरू नका, आणि ८२ किलोच्या वर असाल तर चाकाची तपासणी जास्त वेळा करा. हे ८२ फार कमी लोक वाचतात. दुकानदार तर सांगतच नाही.

स्पोक तुटतो कसा?

बहुतेकांना वाटतं की खड्ड्यात आदळला म्हणून स्पोक तुटतो. तसं क्वचितच होतं. स्पोक थकून तुटतो.

चाक बांधताना प्रत्येक स्पोक आधीच ताणून ठेवलेला असतो. तुम्ही सायकलवर बसलात की जमिनीला टेकलेल्या जागी रिम अगदी किंचित चपटी होते आणि तिथल्या स्पोकचा ताण कमी होतो. चाक पुढे फिरलं की तो पुन्हा वाढतो. जॉब्स्ट ब्रांट या अमेरिकन अभियंत्याने १९८१ साली 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हे सविस्तर मांडलं. आता हिशोब करा. रोड बाइकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. २०० किलोमीटरमध्ये चाक सुमारे ९५ हजार वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक स्पोक ९५ हजार वेळा सैल आणि घट्ट होतो. एखादी तार तुम्ही हाताने पुढे-मागे वाकवत राहिलात तर काय होतं? तेच, फक्त फार हळू.

वजन जास्त असेल तर ताण जास्त उतरतो. स्पोकची संख्या कमी असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतं. आणि ताण पार शून्यावर गेला तर निपल आपोआप फिरायला लागतं, चाकाला आऊट येतो आणि स्पोक हबजवळच्या वाकलेल्या जागी झिजत जातो.

यात सगळ्यात बिचारी बाजू म्हणजे मागच्या चाकाची डावी. सायकलवर बसल्यावर निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर येतं हे एक. दुसरं कारण कॅसेट. उजव्या बाजूला १० किंवा ११ गिअरची कॅसेट बसवायची म्हणून उजवे स्पोक जवळजवळ उभे लावावे लागतात आणि डावे तिरके. रिम मधोमध राहण्यासाठी उजवीकडे ताण जास्त ठेवावा लागतो. डावीकडे बऱ्याचदा त्याच्या जेमतेम निम्मा ताण उरतो. आधीच सैल असलेला स्पोक जड माणूस बसल्यावर सगळ्यात आधी शून्यावर जाणार. माझा तुटलेला स्पोक डावीकडचाच होता, हा योगायोग नव्हता.

यावर कंपन्यांनी दोन चांगले उपाय काढलेत. एक, रिमची भोकं मध्यापासून थोडी डावीकडे सरकवायची. दुसरा, उजवीकडे डावीपेक्षा दुप्पट स्पोक लावायचे, म्हणजे डाव्या प्रत्येक स्पोकवर ताण वाढतो. व्हीलसेटची पानं चाळताना वजनाआधी हे बघा.

माझ्यासमोरचे पर्याय

माझी सायकल रिम ब्रेकची. शोधाअंती यादीत तीन नावं उरली : कॅम्पान्योलो झोंडा, फुलक्रम रेसिंग ३, आणि कारागिराकडून बांधून घेतलेलं साधं चाक.

पहिल्या दोघांची तुलना करण्यात मी चार रात्री घालवल्या. तुम्ही घालवू नका. फुलक्रम हा कॅम्पान्योलोचाच ब्रँड आहे. दोन्हींत पुढे १६ आणि मागे २१ स्पोक, दोन्हींत मागे उजवीकडे १४ आणि डावीकडे ७. जोडीचं वजन दोन्हींचं १,५५० ग्रॅमच्या आसपास. झोंडामध्ये मागचे स्पोक तीन-तीनच्या झुपक्यात दिसतात, रेसिंग ३ मध्ये तसे नाहीत, एवढाच डोळ्यांना फरक. जड स्वाराच्या दृष्टीने मला तरी यात निवडण्यासारखं काही सापडलं नाही. जो स्वस्त मिळेल आणि ज्याचे सुटे स्पोक तुमच्या शहरात मिळतील तो घ्या.

दोन्ही चाकं चांगली आहेत हे मुद्दाम सांगतो. २१ स्पोक ऐकून घाबरायचं कारण नाही. १४ आणि ७ च्या मांडणीमुळे डावीकडचा ताण नीट राहतो, त्यामुळे निष्काळजीपणे बांधलेल्या २४ स्पोकच्या चाकापेक्षा हे जास्त टिकू शकतं. माझं वजन १०९ च्या आतही होतं.

पण मी अडकलो ते वाईच्या त्या दुकानात. डावीकडे सातच स्पोक, त्यातला एक गेला तर चाक इतकं वाकडं होतं की फिरणंच मुश्कील. शिवाय या चाकांच्या रिमला टायरच्या बाजूने भोकं नसतात. त्यामुळे रिम टेप लागत नाही आणि रिम मजबूत राहते, पण नवं निपल बसवायचं तर ते व्हॉल्व्हच्या भोकातून आत टाकून चुंबकाने ओढत जागेवर आणावं लागतं. घाटात, उन्हात, हे कोण करणार?

शेवटी बांधून घेतलं. पुढे २८, मागे ३२ स्पोक, मध्ये पातळ असलेले २.० आणि १.८ मिलिमीटरचे. मध्ये पातळ म्हणजे कमजोर असं मलाही वाटायचं. उलट आहे. पातळ भाग जास्त ताणला जातो, त्यामुळे रिम चपटी झाली तरी स्पोक चटकन सैल पडत नाही आणि वाकलेल्या टोकावरचा भारही हलका होतो. निपल पितळेची घेतली, ॲल्युमिनियमची नाही. कोकणात सायकल नेत असाल तर हा मुद्दा लक्षात ठेवा, खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची निपल गंजून अडकतात.

पेठेतल्या ज्या काकांनी चाक बांधलं त्यांनी प्रत्येक टप्प्यावर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबल्या. मी विचारलं, "काका, हे कशाला?" "अहो, आत्ता कुरकुर करू दे तिला," ते म्हणाले, "नाहीतर घाटात करील." स्पोक यामुळे आपापल्या जागी नीट बसतात. बांधून घेताना हे केलं की नाही ते जरूर विचारा.

मग ३०० ग्रॅमचं काय?

माझी जोडी १,८५० ग्रॅमची झाली, म्हणजे ३०० ग्रॅम जड. ११५ किलोमध्ये ३०० ग्रॅम म्हणजे पाव टक्का. पसरणी घाट चढायला मला साधारण एक तास लागतो, चढावर वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणातच वाढतो, म्हणजे फरक सुमारे ९ सेकंद. एवढा वेळ तर मी वाईत चहाचे सुट्टे पैसे शोधण्यात घालवतो.

डिस्क ब्रेकची सायकल असेल तर एक धोका वेगळा आहे. हल्लीच्या अनेक रिम हुकलेस असतात, म्हणजे टायरची कड अडकवणारी आतली खाच त्यांना नसते. अशा रिमवर हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. आपल्यासारख्या जड स्वाराला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये याहून जास्त हवा लागू शकते. तेव्हा एक तर हुक असलेली रिम घ्या, नाहीतर फ्रेममध्ये ३२ चं टायर मावतं का ते आधी मोजा.

फोनवर तपासणी

ताण मोजायचं मीटर महाग असतं, पण गिटार ट्यूनरचं कुठलंही मोफत ॲप चालतं. चाक उचलून धरा, स्पोक रिमच्या बाजूला बोटाने छेडा आणि फोन जवळ धरा. एका सेमिटोनचा फरक म्हणजे ताणात साधारण १२ टक्क्यांचा फरक. तुलना मात्र एकाच चाकाच्या एकाच बाजूच्या स्पोकमध्ये करा. उजवी-डावीचा सूर वेगळाच लागणार. एखादा स्पोक बाकीच्यांपेक्षा दोन सेमिटोन खाली वाजला तर सायकल घेऊन दुकान गाठा. आऊट बघायला फोनचा स्लो मोशन व्हिडिओ पुरतो : ब्रेक पॅड आणि रिममधली फट फ्रेममध्ये घ्या आणि चाक फिरवा.

नवं चाक पहिल्या २०० ते ३०० किलोमीटरनंतर एकदा दाखवून घ्या. माझ्या डाव्या बाजूचे तीन स्पोक तेव्हा खाली आले होते. काकांनी दहा मिनिटांत आऊट काढून दिला, त्यानंतर सूर हललेला नाही. मागच्या चाकाच्या डाव्या आणि उजव्या लांबीचे दोन-दोन जादा स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ठेवलेत. लांबीत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो, म्हणून टेपवर 'डा' आणि 'उ' असं लिहिलंय. उजवा बदलायला कॅसेट काढावी लागते, त्याचा पाना बॅगेत आहे.