सलीम अलींचा अर्ज आणि आमची मुले

गिरगावच्या खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेल्या सलीम अलींचे नाव आम्ही सभा-संमेलनांतून अभिमानाने घेतो. ‘डॉ. सलीम अली’ म्हणतो. पण या ‘डॉक्टर’मागची हकीकत सहसा सांगत नाही. ती पदवी प्रबंध लिहून मिळालेली नव्हती. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली ती त्यांना सन्मानाने दिली, तेव्हा त्यांची साठी उलटली होती.

विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी लागली. तेथे शास्त्रीय शिक्षणाची उणीव जाणवली, म्हणून रजा काढून ते बर्लिनला प्रा. एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

त्यानंतर त्यांनी जे केले ते आमच्या मुलांनी नीट समजून घ्यावे. त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला : तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करतो, पगार नको, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या. हैदराबादने तो मान्य केला, पुढे त्रावणकोरनेही. काय शोधायचे, कुठे, कशासाठी आणि किती खर्चात, एवढेच त्यात होते. आजच्या संशोधन प्रस्तावातही हेच विचारतात.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही स्वतःचीच फसवणूक करू. ‘पगार नको’ असे सलीम अली म्हणू शकले, कारण पाठीशी तय्यबजींचे घराणे होते, बेगम तहमीनांची साथ होती. १९८२ च्या संपानंतर ज्या घरातली गिरणीची नोकरी गेली, त्या लालबाग-परळच्या चाळीतील मुलीला तसे म्हणणे परवडत नाही. तिच्यासाठी फेलोशिप ही खैरात नसून अभ्यासाला लागणाऱ्या वर्षांची भाकरी आहे.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानंतर, २००९ मध्ये, अल्पसंख्याक संशोधकांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. इतर योजनांतही हेच विद्यार्थी येतात, असे कारण देऊन ती २०२२-२३ पासून बंद केल्याचे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. ती पुन्हा सुरू करण्याची मागणी आम्ही सोडू नये. मात्र तोवर उघडे असलेले दार ओळखावे. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. एम.ए., एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षीही ही परीक्षा देता येते. मार्गदर्शकाला पत्र लिहिण्याआधी त्याचे दोन लेख वाचावेत.

आमच्या जमाती दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार करतात. तेथेच न थांबता नेटच्या तयारीचा, प्रबंधाच्या प्रवासाचा खर्च उचलावा. ज्या सलीम अलींना पदवीअभावी नकार मिळाला, त्यांच्याच हाताखाली पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या पदव्यांसाठी संशोधन करू लागले. त्यांचे नाव घ्यायचे असेल तर हेही काम आमच्याकडे येते.