वीस मीटरवरून लिंकन, हातभरावरून आजोबा

आजचा भाग मोझेकवर आहे.

मोझेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. एक म्हणजे जुन्या बिल्डिंगमधल्या ठिपक्याठिपक्यांच्या फरश्या. दुसरी म्हणजे गच्चीवर बसवलेले फुटक्या कपबश्यांसारखे पांढरे तुकडे, ज्यांना मिस्त्री लोक 'चायना मोझेक' म्हणतात. मी आज बोलणार आहे ते मात्र फोटोंच्या मोझेकबद्दल. शेकडो-हजारो छोटे फोटो शेजारीशेजारी लावायचे आणि लांबून बघितलं की त्यांतून एकच मोठा चेहरा दिसायचा, ते. लग्नात, रिटायरमेंटला, शाळेच्या गेट-टुगेदरला हल्ली सर्रास देतात.

हा विषय डोक्यात शिरला तो माझ्याच एका फसलेल्या उद्योगामुळे. आजीची पंच्याहत्तरी होती. सगळ्या भावंडांनी आपापल्या फोनमधले आणि जुन्या अल्बममधले फोटो पाठवले, ते झाले एकोणीसशे. एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला, आजीचा हसरा फोटो दिला, बटण दाबलं. तीन बाय चार फुटांचा प्रिंट काढून भिंतीवर लावला. लांबून हुबेहूब आजी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग आजी चष्मा लावून अगदी जवळ गेली. बराच वेळ बोट फिरवत बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, ह्यांचा फोटो कुठाय?"

आजोबांचा एकच धड फोटो उरलाय. नोकरीच्या ओळखपत्रावरचा, ब्लॅक अँड व्हाइट, फिकट पडलेला. तो मी स्वतः स्कॅन करून दिला होता. मग आम्ही सगळे शोधायला लागलो. नव्हताच तो. अकरा हजार चौकोन होते, त्यांत एकदाही नव्हता. वर एकेक चौकोन जेमतेम एक सेंटिमीटरचा, त्यावर प्रोग्रॅमने रंगाचा थर चढवलेला, त्यामुळे बाकीच्यांचे चेहरेही कुणाचे ते कळेना. आजी "छान झालंय हो" म्हणाली आणि जाऊन बसली. ते "छान" मला चांगलंच लागलं.

नेमकं कुठे चुकलं हे शोधायला लागलो आणि मागे मागे जात थेट पॉम्पेईला पोचलो.

दीड दशलक्ष तुकडे

मोझेकला मराठीत कुट्टिमचित्र असा भारदस्त शब्द आहे. दगडाचे, काचेचे छोटे तुकडे चुन्यात बसवून केलेलं चित्र. १८३१ साली पॉम्पेईच्या उत्खननात एका मोठ्या घराच्या जमिनीवर असं एक चित्र सापडलं. एका बाजूला घोड्यावर अलेक्झांडर, दुसऱ्या बाजूला रथात घाबरलेला इराणचा राजा दारियुश. चित्र इसवी सनापूर्वी १०० च्या आसपासचं. रुंदी जवळपास सहा मीटर, आणि तुकडे अंदाजे पंधरा लाख! आज ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ते कारागीर तुकडे चौकटीच्या वहीसारखे सरळ रांगेत लावत नव्हते. गालाच्या वळणाबरोबर तुकड्यांची रांग वळायची, घोड्याच्या मानेबरोबर वाकायची. रंग नंतर, आधी रेषेची चाल. पुढे सहाव्या शतकात इटलीतल्याच रावेन्नाच्या चर्चमध्ये सोनेरी तुकडे मुद्दाम थोडे तिरपे बसवले, म्हणजे माणूस चालत गेला की उजेड हलताना दिसतो. तिथेही बघणारा कुठे उभा असेल, याचा विचार आधी केलेला आहे.

पण या सगळ्यात तुकडा स्वतः मुका असतो. लाल दगड म्हणजे फक्त लाल दगड. जवळ गेलात तर तो तुम्हाला वेगळं काही सांगत नाही. तुकड्याला तोंड फुटलं ते खूप नंतर, आणि तेही टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत.

साहेबाच्या भिंतीवरची गंमत

साल १९६६. अमेरिकेतली बेल लॅब्ज. केन नोल्टन आणि लिऑन हार्मन हे दोघे तिथे संशोधक. त्यांनी डेबोरा हे नावाच्या नर्तिकेचा एक नग्न फोटो स्कॅन केला, त्याचे बारीक भाग पाडले आणि प्रत्येक भाग किती काळा किती पांढरा हे बघून त्या जागी एकेक चिन्ह छापलं. चिन्हं कसली, तर ट्रान्झिस्टर, रेझिस्टर असली इलेक्ट्रॉनिक्सच्या नकाशातली. बारा फूट लांबीचा तो प्रिंट त्यांनी साहेब बाहेर गेलेले असताना गंमत म्हणून त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर चिकटवून टाकला.

जवळून फक्त चिन्हांचा गिचमिड कागद, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं की आडवी झालेली बाई. नोल्टन पुढे सांगत की आधी त्यांना बजावण्यात आलं, या चित्राशी कंपनीचं नाव जोडू नका. १९६७ मध्ये ते चित्र न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं आणि सूर बदलला: हे आमच्याकडे झालंय असं आवर्जून सांगत जा! साहेब लोक सगळीकडे सारखेच.

आता हे अगदीच नवीन होतं असं नाही. आपल्याकडच्या वर्तमानपत्रातले फोटोही ठिपक्यांचेच असायचे. लहानपणी आजोबांचं भिंग घेऊन मी पेपरातल्या पुढाऱ्यांचे डोळे बघायचो, आणि दिसायचे नुसते काळे ठिपके. पण तो ठिपका मुकाच. नोल्टन-हार्मनच्या चित्रात ठिपक्याच्या जागी वाचता येईल असं काहीतरी आलं.

लिंकन किती चौकोनांत मावतो?

हार्मनला पुढचा प्रश्न पडला. चेहरा ओळखू यायला कमीत कमी किती माहिती लागते? १९७३ मध्ये त्याने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात चेहऱ्याच्या ओळखीवर लेख लिहिला. त्यात अब्राहम लिंकनचा एक फोटो होता, मोजक्याच मोठमोठ्या करड्या चौकोनांत मोडलेला. हातात मासिक धरून बघितलं तर चौकटींची फरशी. डोळे बारीक करा किंवा मासिक लांब धरा, लिंकन हजर.

याचं कारण गमतीशीर आहे. चेहऱ्याची माहिती त्या चौकोनांत आधीच असते. पण चौकोनांच्या धारदार कडा आपल्या नजरेला त्रास देतात, मेंदू त्या कडांतच अडकतो. अंतर वाढलं की कडा पुसट होतात आणि मागचा चेहरा पुढे येतो.

साल्व्हादोर दालीने हे चित्र पाहिलं आणि तो झपाटून गेला. १९७६ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये एक भलंमोठं चित्र मांडलं. जवळून दिसते खिडकीतून समुद्र बघणारी पाठमोरी गाला, त्याची बायको. वीस मीटर लांब गेलं की लिंकन. हे अंतर त्याने चित्राच्या नावातच घालून टाकलंय.

शेवटचा टप्पा १९९० च्या दशकातला. एमआयटीचा विद्यार्थी रॉबर्ट सिल्व्हर्स याने छोट्या फोटोंपासून मोठा फोटो जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला. १९९८ च्या 'द ट्रुमन शो' या सिनेमाचं पोस्टर आठवतंय? जिम कॅरीचा चेहरा, सिनेमातल्याच दृश्यांनी बनलेला. ते त्याच पद्धतीचं. सिल्व्हर्सची युक्ती अशी, की छोट्या फोटोचा नुसता सरासरी रंग बघायचा नाही. त्याचेही भाग पाडायचे आणि वर काळं-खाली पांढरं, डावीकडे उजेड-उजवीकडे सावली असं आकारासकट जुळवायचं. म्हणजे नाकाच्या कडेला असा फोटो बसतो ज्यात मुळातच एक कड आहे. पॉम्पेईच्या कारागिराची वळणारी रेष अशी मागच्या दाराने परत आली.

मग मी काय केलं

इथवर आल्यावर माझी चूक स्वच्छ दिसली. मी सगळा हिशोब लांबून बघणाऱ्यासाठी केला होता. जवळ जाणारी आजी माझ्या हिशोबातच नव्हती.

मग पुन्हा बसलो. तुम्हीही करणार असाल तर ऐका.

आधी मोठा फोटो बदलला. पहिल्यात आजी, खुर्ची, कुंडी, मागचा दरवाजा सगळं होतं. दुसऱ्यात फक्त चेहरा, फ्रेमभर, एका बाजूने उजेड असलेला. चौकोन वाया घालवायचे नाहीत.

मग चौकोन मोठे केले. इथे हार्मनचा लिंकन उपयोगी पडला. तो इतक्या कमी चौकोनांत ओळखू येतो, तर आजीला अकरा हजार कशाला? एक सेंटिमीटरचे अडीच सेंटिमीटर केले. आडवे ३६, उभे ४८, म्हणजे १,७२८ जागा. अडीच सेंटिमीटरमध्ये माणूस ओळखू येतो, आणि दहा-बारा फुटांवरून आजीही दिसते. प्रत्येक चौकोनाला दोनशे पिक्सेल धरले, म्हणजे पूर्ण चित्र ७,२०० बाय ९,६०० पिक्सेल. प्रिंटवाल्याला तशीच फाईल द्यायची. व्हॉट्सॅपवरून पाठवलीत तर सगळं मुसळ केरात.

रंगाचा थर अगदी कमी ठेवला. तो वाढवला की कुठलेही फोटो टाका, चित्र हुबेहूब येतं. पण मग छोटे फोटो असले काय, नसले काय? त्याऐवजी मी फोटो निवडले. गडद फोटो कमी पडत होते, तर भावंडांकडून रात्रीचे, दिवाळीतले मागवले. एकच फोटो तीनपेक्षा जास्त वेळा नको आणि जवळजवळ नको, हे प्रोग्रॅमला सांगता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्रोग्रॅम प्रत्येक जागेसाठी सगळ्यात जवळचा फोटो शोधतो. प्रत्येक फोटोला जागा मिळालीच पाहिजे, असं तो मानत नाही. आजोबांचा करडा फोटो प्रत्येक ठिकाणी दुसरा-तिसरा आला असणार आणि शेवटी कुठेच आला नाही. त्यामुळे जे लोक असायलाच हवेत, त्यांची यादी करा आणि त्यांना हाताने बसवा.

आजोबांना मी आजीच्या पांढऱ्या केसांत बसवलं, कानाच्या थोडं वर. करड्यात करडा, रंगाचा थर न देताही अगदी चपखल.

दुसरा प्रिंट लांबून पहिल्याइतका सफाईदार नाही, हे कबूल. नाकाजवळ चौकोन कळतात. धाकटा भाऊ म्हणाला, "पहिलाच भारी होता." आजीने मात्र पहिला काढायला लावला. आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहते, अगदी हातभर अंतरावर. लांबून बघताना तिला मी अजून पाहिलेलं नाही. स्वतःचा चेहरा तिला माहितीच आहे की.

तर मंडळी, तुमच्या घरी असा एखादा मोझेक असेल तर आज जवळ जाऊन बघा, कोण राहून गेलंय ते. आणि करणार असाल तर आधी ती हाताने बसवायची यादी लिहून काढा. भेटूया पुढच्या भागात.