काळपुळी आणि मधुमेह

मधुमेहाची पहिली वर्दी पुष्कळदां कातडीकडून येते. पाठीवर काळपुळी उठते, केसतोड एकामागून एक येतात, पावसाळ्यांत बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या कांहीं केल्या बऱ्या होत नाहींत. आणि मग लघवी तपासली जाते. हा संबंध पाश्चात्य प्रयोगशाळांना प्रथम उमगला असें मानणाऱ्यांनीं आपल्याकडील जुन्या पोथ्या उघडलेल्या नसतात.

प्रमेहाच्या पूर्वचिन्हांत शरीरावर व मूत्रावर मुंग्या जमणें हें चरकसंहितेंत सांगितलेलें आहे. रोगाची हयगय झाली म्हणजे उठणाऱ्या सात पिडका चरकानें वर्णिल्या. सुश्रुतानें त्या दहा मोजल्या. मध्यें खोल आणि कडेनें उंच, मातीच्या परळासारखी, ती शराविका. कांसवाच्या पाठीसारखी ती कच्छपिका. मोहरीएवढी ती सर्षपिका. नांवांतच निरीक्षण आहे. डोकें, खांदा, पाठ किंवा मर्मस्थान येथें उपद्रवांसह उठलेली पिडका दुर्बल रोग्यांत असाध्य समजावी, असा सुश्रुताचा इशारा आहे. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे मधुमेह्याच्या रसवाहिन्या दुबळ्या होतात, दोष वर चढत नाहींत, म्हणून पिडका शरीराच्या खालच्या भागीं उठतात, असें तो सांगतो. ही दोषांची उपपत्ति आज कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाहीं. पण पायाकडे वळलेली ती नजर कसलेल्या शस्त्रवैद्याची होती, हें मान्य करावेंच लागतें.

यानंतर शतकें लोटलीं. १७७६ सालीं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननें अशा रोग्यांच्या मूत्रांत साखर असते हें दाखविलें. औषध मात्र १९२२ पर्यंत नव्हतें. त्या वर्षीं ११ जानेवारीस टोरांटो येथें लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई टोंचली. साखर थोडीशी उतरली, पण अर्क अशुद्ध; सुईच्या जागीं गळूं धरलें. ज्या रोगांत गळवांचेंच भय, त्याच्या पहिल्या औषधानेंच गळूं आणावें! उपचार थांबवावे लागले. कॉलिपनें अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीस पुन्हां सुई दिली, आणि मुलगा सुधारूं लागला.

इन्शुलिननें मूर्च्छेंत येणारा मृत्यु मागें सारला. रोगी वर्षानुवर्षें जगूं लागले, आणि आतां पाय पुढें आला. बोस्टनच्या जॉस्लिन यांनीं १९३४ मध्यें मधुमेह्यांच्या पायाच्या कोथाविषयीं जाहीर इशारा दिला. रक्तांतील साखर वाढली कीं पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतूंचें फावतें. रक्तवाहिन्या अरुंद होतात. आणि ज्ञानतंतु निकामी होऊन पायाची संवेदना जाते. पुढें पेनिसिलिन आलें. १९५४ मध्यें पुण्याजवळ पिंपरीस त्याच्या कारखान्यासाठीं सरकारी कंपनीही निघाली. परंतु जेथें रक्तच पुरेसें पोंचत नाहीं तेथें औषध तरी कसें पोंचावें?

या कोड्याचा एक मोठा भाग सुटला तो मधुमेहाच्या रुग्णालयांत नव्हे. १९४६ मध्यें पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांचें मांसच नासकें, म्हणून त्यांच्या जखमा भरत नाहींत, असा तेव्हां सर्वत्र समज होता. डॉक्टरही त्याला अपवाद नव्हते. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळेंच दिसलें. मांस चांगलें होतें. दुःख मात्र कळत नव्हतें. चपलेंतला खडा, पायांत मोडलेला खिळा, तापलेली वाट यांपैकीं कशाचीच जाणीव नसल्यानें रोगी त्याच जखमेवर चालत राही. पायाला प्लॅस्टर चढवून जखमेवरचा दाब काढला कीं ती कांहीं आठवड्यांत भरून येई. पुढें जपणूक करावयाची ती मऊ रबराच्या तळाच्या चपलांची आणि रोज पाय उलटून पाहण्याची.

१९६६ मध्यें ब्रँड अमेरिकेंत लुइझियाना प्रांतांतील कार्व्हिलच्या कुष्ठ रुग्णालयांत गेले. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या पायांवर चढलेलें तें प्लॅस्टर तेथून मधुमेह्यांच्या पायांवर गेलें.